तुम्ही विचारलंत म्हणून: पुंता काना सोडून तिथे काय होतं?

न्यू जर्सीत कुणाकडेही हळदीकुंकवाला जा, सुट्ट्यांचा विषय निघतोच. आणि मग मला प्रश्न येतो, "अगं, डॉमिनिकन रिपब्लिकला गेलीस आणि पुंता काना सोडून सांतो दोमिंगोत चार दिवस? तिथे काय आहे?"

पुंता काना म्हणजे तिथला रिसॉर्टचा किनारा, तो आम्हीही केलाय. मनगटाला पट्टी बांधतात. खा, प्या, लोळा. छानच असतं. फक्त देश बघायचा राहून जातो.

सांतो दोमिंगो ही राजधानी. तिथे पहिल्याच दुपारी माझी फजिती झाली. शाकाहारी माणसाला तिथे भात, राजम्यासारखं कडधान्य आणि मंगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, यावर निभावता येतं. पण मला बटाटा हवा होता. आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, तेव्हा इथल्या स्पॅनिशमध्येही चालेल असं धरून मी ऐटीत "बताता" मागितला. समोर आलं उकडलेलं रताळं. बटाट्याला तिथे "पापा" म्हणतात. बताता हा मुळात ताइनोंचा शब्द, म्हणजे कोलंबस यायच्या आधी या बेटावर राहणाऱ्या लोकांचा, आणि तो रताळ्याचाच. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येताना वाटेत कंद बदलला.

त्यानंतर जुन्या शहरात फिरताना मी ताइनोच शोधत राहिले. ओसामा नदीच्या पश्चिम काठावर हे शहर 1502 मध्ये वसलं. काये लास दामास हा दगडी रस्ता, कोलंबसाचा मुलगा दिएगो याचा वाडा, 1540 च्या सुमारास पुरं झालेलं कॅथेड्रल, पडक्या रुग्णालयात घुमणारी कबुतरं. सगळं पायी होतं. उन्हासाठी टोपी मात्र हवी. गाइड प्रत्येक ठिकाणी "अमेरिका खंडातलं पहिलं" म्हणतो. पहिलं कॅथेड्रल, पहिलं रुग्णालय, पहिला फरसबंद रस्ता. तिसऱ्या "पहिल्या"नंतर मी ऐकणं सोडलं. 1521 च्या सुमारास याच दिएगोच्या उसाच्या मळ्यावर गुलामांनी बंड केलं, खंडातल्या पहिल्यांपैकी एक. ते काही त्याच्या यादीत नव्हतं.

ताइनो सोन्याच्या खाणींत राबून आणि देवीच्या रोगाच्या साथीने काही दशकांत जवळजवळ संपले. त्यांच्या बाजूने बोललेला एक माणूस मात्र समुद्राकाठी उभा आहे. आंतोनियो दे मोंतेसिनोस. डिसेंबर 1511 मध्ये या पाद्र्याने भर प्रवचनात स्पॅनिश वसाहतवाल्यांना विचारलं, ही माणसं नाहीत का? ऐकणाऱ्यांत दिएगोही होता. पुतळा प्रचंड आहे, तोंडाशी हात धरून ओरडणारा. आम्ही संध्याकाळी गेलो. लाटांचा आवाज एवढा की शेजारी उभ्या आमच्या ह्यांचं बोलणंही मला ऐकू येईना.

समुद्रात डुंबायचं असेल तर बोका चिका. गाडीने पाऊण तास, विमानतळाच्या पलीकडे. बाहेरच्या प्रवाळभिंतीमुळे लाटा अडतात, कितीही आत जा, पाणी कंबरेच्या वर फारसं येत नाही. पोहता न येणाऱ्यांसाठी झकास. लोक सांगतात रविवार टाळा, फार गर्दी. मी म्हणते रविवारीच जा. आख्खी खटली पातेली घेऊन आलेली असतात, गाणी ढणाढणा चालू. खुर्चीत बसण्याआधी भाडं ठरवा, आम्ही ठरवलं नव्हतं आणि निघताना हुज्जत झाली.

तिथे यानिकेके घ्यायचं. ताटाएवढी कुरकुरीत पुरी म्हणा. विकणाऱ्या बाईने विचारलं, कुठल्या तुम्ही? म्हटलं, इंडिया. ती हसली, स्वतःच्या सावळ्या दंडावर बोट ठेवून म्हणाली, "मीही इंदिया." आधी कळेना. तिथे गव्हाळ-सावळ्या रंगालाच "इंदिओ" म्हणतात, कित्येक वर्षं सरकारी ओळखपत्रावरही तसंच लिहीत. कोलंबसाला वाटलं होतं आपण भारताकडे पोचलो, त्यावरूनच हा शब्द. मी दंड तिच्या दंडाशेजारी धरला. रंग खरंच एकच होता. तिने एक यानिकेके फुकट दिलं.