आमची वाटचाल : पडवीतल्या सुतारकामापासून बेदाण्याच्या पेट्यांपर्यंत

लाकडी पेट्या बनवण्याचा आमचा व्यवसाय सांगलीत, राहत्या घराच्या मागच्या पडवीत सुरू झाला. बेदाण्याच्या काही व्यापाऱ्यांना दिवाळीची भेट म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी लाकडाची, बेदाणा संपल्यावरही घरात वापरात राहील अशी पेटी हवी होती आणि तिच्या कोपऱ्यांत खिळे दिसता कामा नयेत, अशी त्यांची अट होती. दोन फळ्यांचे चौकोनी दात एकमेकांत गुंतवणारा बॉक्स जॉइंट आम्ही तेव्हाच निवडला. पंख्यासारख्या पसरट दातांचा डव्हटेल सांधा निःसंशय अधिक देखणा असतो, परंतु तो हाताने कापण्यात जाणाऱ्या वेळेची किंमत भेटवस्तूच्या पेटीतून वसूल होत नाही, असे आमचे मत होते आणि आजही आहे.

या सांध्याची ताकद हिशेबातच दिसते. आमची नेहमीची पेटी 78 मिमी उंच आणि फळी 12 मिमी जाड असते. फळीचे टोक दुसऱ्या फळीला नुसते चिकटवले, तर सरसाला 936 चौरस मिमी जागा मिळते, आणि तीही लाकडाच्या आडव्या कापाची, जिथे सरस शोषला जातो व पकड कमी मिळते. त्याच उंचीत 6 मिमीचे दात पाडले की दातांच्या बारा जोडरेषा तयार होतात आणि प्रत्येकीवर 12 गुणिले 12, म्हणजे एकूण 1,728 चौरस मिमी जागा मिळते. ही जागा दातांच्या कुशींची, म्हणजे उभ्या रेषांच्या लाकडाची असल्यामुळे साधा पांढरा सरस पुरतो.

टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल पात्याची यांत्रिक करवत, घेण्याइतके भांडवल नव्हते. आम्ही ट्रिमर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाच पाडणारे एक साधे यंत्र, घेतले, 18 मिमी प्लायच्या टेबलाखाली ते उलटे बसवले आणि त्याला 6 मिमीचा सरळ बिट, म्हणजे फिरणारे पाते, लावला. येथे एक सूचना करावीशी वाटते : बाजारात 6 मिमी आणि पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी, अशा दोन्ही दांड्यांचे बिट मिळतात, आणि कॉलेट, म्हणजे बिटाची दांडी पकडणारा यंत्राचा भाग, ज्या मापाचा असेल त्याच मापाची दांडी घ्यावी. या बाबतीत चालवून घेणे धोक्याचे आहे.

खरा खर्च पैशांचा नव्हता, तो जिगवर, म्हणजे दात सारख्या अंतरावर पाडून देणाऱ्या साच्यावर, दिलेल्या वेळेचा होता. टेबलावर सरकणाऱ्या प्लायच्या पट्टीत सागवानाची 6 मिमी रुंद खुंटी बसवलेली असते. फळी खुंटीला टेकवून पहिली खाच पाडायची, ती खाच खुंटीवर बसवून दुसरी पाडायची आणि असे शेवटपर्यंत जायचे. जोडीची फळी खाचेपासून सुरू व्हावी लागते. त्यासाठी पहिली फळी उलटी फिरवून तिची पहिली खाच खुंटीवर बसवली की तिचा कडेचा दात खुंटी आणि बिट यांमधले अंतर बरोबर भरतो, आणि दुसरी फळी त्याला चिकटवून कापता येते. सगळे काम त्या अंतरावर अवलंबून असते. ते मोजण्यासाठी आम्ही मोजपट्टी वापरत नाही, 6 मिमी ड्रिलची गुळगुळीत दांडी मध्ये धरतो. त्यानंतरही दात जाड आला तर सांधा बसत नाही आणि बारीक आला तर खुळखुळतो, म्हणून अंतर कमीजास्त करायला प्लायच्या पट्टीच्या मागे एक एम-6, म्हणजे 6 मिमी व्यासाचा, बोल्ट लावला आहे. त्याच्या आट्यांचे अंतर 1 मिमी असल्यामुळे बोल्टचा एक दशांश फेरा म्हणजे 0.1 मिमी, साधारण एका कागदाची जाडी. तेवढी मोकळीक आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण सरसातल्या पाण्याने दात फुगतात आणि कोरडा असताना घट्ट बसणारा सांधा सरस लावल्यावर अर्ध्यातच अडतो.

फळीच्या मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा लावल्याशिवाय आम्ही एकही खाच पाडत नाही, नाहीतर बिट बाहेर पडताना कडेच्या ढलप्या उडतात. पाइन सहज कापले जाते. सागवान मात्र सावकाश ढकलावे लागते, कारण घाई केली की बिट तापतो आणि खाचेची कड जळून काळी पडते. पावसाळ्यात एक शिस्त कटाक्षाने पाळली जाते : एका पेटीच्या चारही फळ्या एकाच दिवशी रंधून त्याच दिवशी कापायच्या. आज कापलेली फळी आणि दोन दिवस दमट हवेत राहिलेली फळी यांचे दात एकमेकांना दाद देत नाहीत. सरस वाळेपर्यंत सांधा दाबून धरणारे क्लॅम्प महाग पडतात म्हणून सुरुवातीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पेटीभोवती ताणून बांधत असू. लहान पेट्यांना आजही त्याच वापरतो, कारण चारही कोपऱ्यांवर त्यांचा दाब सारखा पडतो.

पुढे चहाचे ट्रे, मसाल्याच्या पेट्या, अवजारांचे खोके अशी मागणी येऊ लागली आणि पडवी अपुरी पडल्यावर आम्ही भाड्याच्या शेडमध्ये आलो. घासकाम, तेलपॉलिश आणि हिशेब सौभाग्यवती पाहतात. दरम्यान लेझरने कापलेल्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, पेट्या बाजारात आल्या. त्या स्वस्त आहेत, दातही अचूक असतात, पण कापाच्या कडा करपलेल्या राहतात आणि एमडीएफला ओल सोसत नाही. म्हणून दराच्या स्पर्धेत न उतरता आम्ही अस्सल लाकडावरच राहिलो. आता शेडमध्ये टेबल सॉ आहे, परंतु तो फळ्या चिरण्यासाठी. दात अजून त्याच प्लायच्या जिगवर पडतात, फक्त झिजलेली खुंटी अधूनमधून बदलावी लागते. वेगळ्या मापाची पेटी हवी असल्यास उंची 6 मिमीच्या विषम पटीत, म्हणजे 66, 78 किंवा 90 अशी कळवावी, म्हणजे वरचा आणि खालचा दात सारखा येतो.