जुने खेळ, जुनी पुस्तकं: ऊर झाला, शतरंज चालू, गो संपतच नाही

मागच्या अपडेटनंतर बरंच काही झालंय. ऊरचा पट आता नीट खेळता येतो, शतरंजमध्ये (आजच्या बुद्धिबळाचा जुना अरबी-फारसी पूर्वज) हात बसायला लागलाय, आणि गोमध्ये (पूर्व आशियातला, काळे-पांढरे स्टोन म्हणजे सोंगट्या मांडून जागा वेढायचा खेळ) मी होते तिथेच आहे, फक्त आता कशामुळे हरले ते हरल्यावर कळतं, हीसुद्धा प्रगतीच म्हणायची. नवीन आलेल्यांसाठी पटकन सांगते, माझा उद्योग असा की एक जुना खेळ धरायचा, त्याच्याबद्दलचं जितकं जुनं लिखाण भाषांतरात किंवा स्कॅनमध्ये मिळेल तितकं वाचायचं, पुठ्ठ्याचा पट कापायचा, आणि मग तो खेळ जिथे अजून रोज खेळला जातो तिथली माणसं ऑनलाइन गाठून त्यांच्याकडून मार खायचा. नियम पुस्तकात मिळतात, पण खेळायची रीत माणसांकडेच असते, हे या वेळी फारच जाणवलं म्हणून थोडं लांबण लावून लिहितेय.

आधी ऊर, कारण तो संपला. १९२० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलींना आजच्या इराकमधल्या ऊर शहरात राजघराण्याच्या कबरींमध्ये सापडलेला वीस घरांचा पट, साधारण साडेचार हजार वर्षं जुना. पट मिळाला, सोंगट्या मिळाल्या, नियम कुठेच नाहीत. नियमांचा धागा सापडला तो बॅबिलोनच्या एका मातीच्या पाटीत, इ.स.पू. १७७ च्या सुमाराची, आणि मला सगळ्यात भारी हे वाटतं की ती लिहिणाऱ्या लेखनिकाचं नावसुद्धा तिच्यावर आहे, इत्ती-मर्दुक-बलाटू. ब्रिटिश म्युझियममध्ये ती पाटी जवळपास शंभर वर्षं होती, मग तिथलेच तज्ज्ञ आयर्विंग फिंकल यांनी वाचून काढली. पण पट आणि पाटी यांच्यात दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, म्हणजे आज आपण ऊर म्हणून जो खेळतो तो दोन वेगळ्या काळांचा जोडून केलेला अंदाज आहे हे लक्षात ठेवायचं. चांगला अंदाज आहे पण अंदाजच.

खेळायला एकदम हलका. प्रत्येकाच्या सात सोंगट्या, चार तिकोनी फासे (माझ्याकडे चार नाणी, छापा आला की एक), म्हणजे ० ते ४ पैकी दान पडतं. २ सगळ्यात जास्त पडतो, सोळात सहा वेळा, आणि ४ सोळात एकदाच. आता गंमत बघा, आपल्या बाजूचं चौथं घर फुलाचं आणि मधल्या सामाईक रांगेतलं, सुरुवातीपासून मोजलं तर आठवं घरही फुलाचं, फुलावर पडलं की अजून एक दान मिळतं, आणि मधल्या फुलावर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. त्यामुळे चौथ्यावरून थेट आठव्यावर जायचं स्वप्न सगळेच बघतात आणि सोळात पंधरा वेळा ते फसतं. त्यापेक्षा सहाव्या घरावर येऊन थांबलं तर २ चं दान लागतं, पण तिथे आपण उघडे, मागून कुणीही येऊन मारेल. सगळा खेळ या एका घासाघिशीत आहे. एकदा मधलं फूल ताब्यात आलं की तिथली सोंगटी हलवायचीच नाही, बाकीच्यांना पुढे काढत राहायचं, समोरचा चिडेपर्यंत. मी अशीच खेळते आणि मला काही वाईट वाटत नाही.

बाय द वे, या घराण्यातला खेळ पूर्ण मेलेला नव्हता. कोचीच्या ज्यू समाजात वीस घरांचा एक खेळ विसाव्या शतकातही खेळला जायचा, म्हणजे जगातले विद्वान पाटीवरून नियम जुळवत असताना कुणाच्या तरी घरात आजी नातवंडांना तोच पट शिकवत असू शकेल. हे वाचल्यापासून मी कुठल्याही खेळाला ‘नामशेष’ म्हणताना जरा थांबते.

आता शतरंज. आधी एक खुलासा, नाहीतर गोंधळ होईल: कोपऱ्यातल्या मोहऱ्याला मी रुख म्हणणार आणि आपला उंट जिथे उभा असतो तिथल्या मोहऱ्याला फील. पट तोच, चौसष्ट घरं, पण वजीर तिरका फक्त एकच घर चालतो. हो, एकच. फील तिरका बरोब्बर दोन घरं उडी मारतो, मधल्या मोहऱ्यावरून सुद्धा, आणि म्हणून त्याला आख्ख्या पटावर फक्त आठ घरं मिळतात. वहीत चारही फीलांची घरं वेगवेगळ्या रंगांनी भरून बघा, एकही घर दोन रंगांत येत नाही, म्हणजे माझा फील आणि तुमचा फील जन्मात समोरासमोर येणार नाहीत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, शेवटाला पोचलं तर वजीरच होतं (तोच तो बिचारा एक घरवाला), किल्लेकोट नाही. समोरच्याला चालच उरली नाही तर बरोबरी नाही, तो हरला. त्याचा राजा एकटा उरला तरी हरला, फक्त पुढच्याच चालीत त्याने तुमचाही राजा एकटा केला तर सुटला.

खरं सांगू का, खेळ म्हणून तो आजच्या बुद्धिबळापेक्षा संथ आहे आणि सुरुवातीच्या वीसेक चाली झोप आणतात. जुन्या लोकांनाही हे माहीत होतं, म्हणून ते ‘ताबिया’ वापरायचे, म्हणजे एक ठरलेली मांडणी करून घ्यायची आणि मग खरा डाव सुरू. पण कोडी! नवव्या शतकातला अल-अदली आणि दहाव्या शतकातला अल-सूली या शतरंजच्या उस्तादांच्या पुस्तकांमधली कोडी पुढच्या हस्तलिखितांमध्ये उतरत उतरत आली, मन्सूबा म्हणतात त्यांना. दिलारामचं कोडं बहुतेकांनी पाहिलं असेल, गोष्ट अशी की नवऱ्याने डावावर बायकोलाच लावलेलं असतं आणि ती पडद्यामागून सांगते, दोन्ही रुख दे आणि मला वाचव. गोष्ट दंतकथा, आणि नवरा नालायक, पण कोडं खरं आणि सुंदर आहे. दोन्ही रुख एकाच कोपऱ्यातल्या घरात एकामागून एक मरायला पाठवायचे, मध्ये फील बाजूला उडी मारतो आणि मागच्या रुखाचा शह उघडतो, शेवटी एक प्यादं पुढे सरकून शह देतं आणि घोडा मात करतो. पुठ्ठ्यावर मांडून हातांनी करून बघा, स्क्रीनवर तो फीलचा उघडा शह तितका अंगावर येत नाही.

अल-सूलीचं स्वतःचं एक कोडं आहे, दोन राजे आणि दोन वजीर, एवढंच. तो म्हणायचा की हे मी शिकवलेल्यांशिवाय कुणाला सुटणार नाही, आणि खरंच हजारेक वर्षं त्याची पूर्ण उकल कुणी लिहून ठेवली नव्हती, १९८० च्या दशकात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी अवरबाख यांनी ती केली. माझं ते अजून चालू आहे. उत्तर बघितलेलं नाही, कृपया कुणी सांगू नका.

शतरंजच्या नादात कॅस्टिलचा (आजच्या स्पेनमधलं राज्य) राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये पुरं करून घेतलेलं खेळांचं पुस्तक स्कॅनमध्ये चाळलं. स्पॅनिश येत नाही, पण चित्रांसाठी तरी बघाच. शंभरच्या वर बुद्धिबळाची कोडी, त्यातली बरीचशी अरबी परंपरेतून आलेली, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात पट आपल्याकडे तोंड करून उभा काढलेला, म्हणजे चित्र बघत बघत डाव वाचता यावा. एका चित्रात तंबूत एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती खेळाडू समोरासमोर बसलेत. त्याच काळात त्याच भूमीवर या दोन्ही बाजूंच्या लढाया होत होत्या हे माहीत असल्यामुळे मी त्या पानावर बराच वेळ अडकले. मैत्रीचं चित्र वगैरे असेलच असं नाही, राजाने काढून घेतलेलं आहे, पण दोघांनाही एकच नियम माहीत होते एवढं तर नक्की. पुस्तकात सुरुवातीला एक वादही आहे, माणसाने अक्कल वापरावी की नशिबावर सोडावं की दोन्ही, आणि त्यावरून बुद्धिबळ, फासे आणि दोन्ही मिसळलेले पटाचे खेळ असे विभाग. आजही गेम नाइटला हेच भांडण चालतं ना.

गो. इथे माझं जास्त जीव लावणं चालू आहे आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं भेटली.

वाचायला भरपूर आहे. चीनमधल्या तांग काळातले गो खेळाडू वांग जीशिन यांच्या नावावर सांगितले जाणारे दहा नियम मी भिंतीला चिकटवलेत, पहिलाच असा की हाव धरली तर जिंकणार नाहीस. त्यातच एक आहे की स्टोन सोडून द्या पण पुढाकार घ्या. वाचून मान डोलवायला सोप्पं. मग कोरियातले एक जण भेटले, माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या पातळीचे, मला पटावर चार हँडिकॅप स्टोन आधीच मांडून देतात तरी हरवतात. आमची कॉमन भाषा कुठलीच नाही. डाव झाला की ते उठून जात नाहीत, डाव मागे नेतात, ठरावीक चालीला थांबतात, माझा स्टोन काढतात आणि दुसरीकडे ठेवतात, मग माझ्या वतीने आणि त्यांच्या वतीने पुढच्या आठ-दहा चाली मांडून दाखवतात. मला पटलं नाही तर मी माझा स्टोन ठेवते, ते त्याला उत्तर देतात, मी गप्प. गेल्या वेळी त्यांनी आख्खा कोपरा मला देऊन टाकला होता आणि मी खूश होते, डाव संपल्यावर त्यांनी तो कोपरा नुसता डिलीट करून दाखवला, तेव्हा बाहेर त्यांची भिंत केवढी लांब उभी राहिली होती ते दिसलं. भिंतीवरच्या कागदातली ओळ तेव्हा समजली. डावानंतर दोघांनी मिळून तो उलगडून बघायचा ही पद्धत जपान, चीन, कोरिया सगळीकडे इतकी मुरलेली आहे की न करता निघून जाणं उद्धटपणाच वाटतो, आणि हे मला कुठल्याही नियमांच्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

दुसरी गोष्ट मोजणीची. जपानी पद्धतीत वेढलेली रिकामी घरं आणि पकडलेले कैदी मोजतात, म्हणून स्वतःच्या घरात उगाच स्टोन ठेवला की एक गुण गेला. चिनी पद्धतीत पटावरचे स्वतःचे जिवंत स्टोन आणि वेढलेली घरं दोन्ही मोजतात, मग तिथे स्वतःच्या घरात एक स्टोन ठेवून खात्री करून घेतली तरी शेवटी काही जात नाही. पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला मिळणारी गुणांची भरपाई जपानमध्ये ६.५, चीनमध्ये ७.५. निकाल बहुतेक वेळा एकच लागतो. पण चिनी सर्व्हरवर समोरचा शेवटी माझ्या घरात निवांत एकेक स्टोन टाकून बघायला लागला तेव्हा मला वाटलं हा अपमान करतोय, आणि तो बिचारा फक्त त्याच्या हिशोबाने फुकट असलेली गोष्ट तपासून घेत होता. एकाच पटावर दोन वेगळे शिष्टाचार. तेव्हापासून डाव सुरू करण्याआधी मोजणी कुठली ते बघते.

आणि जुनी जोसेकीची (कोपऱ्यांमधल्या ठरलेल्या चालींची) पुस्तकं घेणाऱ्यांसाठी सूचना, जपून. मार्च २०१६ मध्ये अल्फागो या कंप्युटर प्रोग्रॅमने कोरियन व्यावसायिक खेळाडू ली सेडॉल यांना ४-१ ने हरवलं, दुसऱ्या डावातली ३७ वी चाल तर सगळ्यांना पाठ झालीय, आणि त्यानंतर कोपऱ्यांमधलं बरंचसं शहाणपण बदललं. सुरुवातीलाच समोरच्याच्या कोपऱ्यात ३-३ वर (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषेवर) घुसू नये असं जुनी पुस्तकं ठणकावून सांगतात आणि आज व्यावसायिक खेळाडू बिनधास्त घुसतात. पण जीवन-मरणाची कोडी (वेढलेले स्टोन जगतात की मरतात हे शोधायचं) मात्र शेकडो वर्षांपूर्वीची असली तरी आजही तितकीच बरोबर आहेत, तिथे मशीन आलं काय नि गेलं काय. त्यामुळे पैसे घालायचे तर कोड्यांच्या पुस्तकांवर घाला.

पुढचा खेळ ठरलाय, ओवारे, पश्चिम आफ्रिकेतला मंकाला, म्हणजे खड्ड्यांमधून बिया एकेक वाटत जायचा खेळ. बारा खड्डे, ४८ बिया, प्रत्येक खड्ड्यात चार. पट अंड्याच्या ट्रेचा झाला सुद्धा. वाचताना जो नियम आवडला तो असा की समोरच्याच्या बाजूला एकही बी उरली नसेल तर शक्य असेल तोवर तुम्ही अशीच चाल करायची ज्याने त्याच्याकडे बिया जातील, उपाशी ठेवून जिंकायचं नाही. कंप्युटरने २००२ मध्ये हा खेळ पूर्ण सोडवलाय, सुमारे ८८,९०० कोटी स्थिती तपासून, आणि उत्तर आलं की दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. मला त्याने काही फरक पडत नाही, अचूक खेळण्यापासून मी खूप सुरक्षित अंतरावर आहे.

अडलंय ते एका ठिकाणी. एकाच चालीत समोरच्याच्या सगळ्या बिया पकडल्या जात असतील तर काय, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो, कुणी म्हणतं ती चालच करता येत नाही, कुणी म्हणतं चाल करा पण बिया उचलायच्या नाहीत. ज्यांनी लहानपणापासून खेळलेल्या कुणाकडून शिकून घेतलंय त्यांनी सांगा ते कुठला नियम धरतात, पुस्तकवाल्यांचं उत्तर मला आधीच चार प्रकारचं मिळालंय.