तोरणमाळच्या उतारावर उंदीर शोधताना

शहाद्याहून तोरणमाळ साधारण 50 किलोमीटर. घाट चढून गाडी सुमारे 1,150 मीटरवर पोचते, त्यामुळे कुठे कोणते उंदीर राहतात ते पाहताना पिंजऱ्यांच्या रांगा उंचीनुसार आखायचा मोह होतो. पण उंदराला उंचीचं सोयरसुतक कमीच. त्याला लागतो आडोसा, बीळ आणि बी. एकाच उंचीवर गवत, झुडूप, खडक आणि साग अशा चारही जागा घ्या, मग तेच वरच्या टप्प्यावर करा. नाहीतर फरक उंचीचा की आडोशाचा, हे कळत नाही.

उघड्या मातीत जर्बिलची (बिळात राहणाऱ्या एका रानउंदराची) बिळं असतात. काही तोंडं मातीने बुजवलेली, म्हणून मोजताना चुकतात. दाट कुसळीत वाकून गवत बाजूला केलं की झुडपी उंदराच्या बोगद्यासारख्या वाटा दिसतात. पिंजरा त्या वाटेतच ठेवावा, हातभर बाजूला ठेवला तर रिकामा राहतो. लांब शेपटीचा झाडावरचा उंदीर जमिनीवरच्या पिंजऱ्यात क्वचितच येतो. त्याच्यासाठी दीड-दोन मीटरवर फांदीला तारेने पक्का बांधावा. हलणाऱ्या पिंजऱ्यात तो शिरत नाही. खडकांच्या भेगा विसरू नका.

प्रत्येक जागी 25 पिंजरे, 10 मीटर अंतराने, चार रात्री: म्हणजे 100 पिंजरा-रात्री. संख्या सगळीकडे सारखीच हवी. आमिष भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि बाजरी, चिचुंदरीसाठी सुकट. कूट सांडला की मुंग्या येतात आणि अडकलेल्या जनावरालाही चावतात. चिचुंदरी उपाशी फार टिकत नाही, म्हणून मध्यरात्रीही एक फेरी मारावी. सकाळी ऊन चढायच्या आत सगळे पिंजरे बंद. पत्र्याचा डबा उन्हात भट्टी होतो. थंडीत आत कापूस टाका.

प्रत्येक पिंजऱ्याभोवती एक चौरस मीटरमध्ये गवताची उंची, पाचोळ्याची जाडी आणि दगडाचा वाटा नोंदवा. अर्ध्या मीटरवर खुणा केलेली काठी उभी धरून कुठल्या टप्प्यात किती पानं टेकतात तेही मोजा. नुसतं ‘झाडी दाट’ लिहिलेली वही पुढे निरुपयोगी ठरते.

ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर बरा. पुढे गवत कापलं, चरलं किंवा जळालं की वाटाच नाहीशा होतात. गुरांच्या वाटेवर पिंजरे ठेवू नयेत, आणि आदल्या दिवशी पाड्यावर सांगून यावं. वनविभागाची लेखी परवानगी मात्र त्याआधीच हातात हवी. 1997 मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडलेला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, सरडे-किड्यांबरोबर हे उंदीरही खातो. त्याच्या ढोलीखाली पिंजरे लावू नका.