एकवीसची रेघ

मार्चातला शनिवार होता. पलूसजवळच्या आमच्या छोट्या वायनरीत माणसं सहा आणि कामं साठ. त्यामुळं द्राक्षं मोजून घेणारा मी आणि पाहुण्यांना ग्लास कसा फिरवायचा ते दाखवणाराही मीच. नाशकात सुला या वाइन कंपनीनं २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली; तिथं मुंबईची गर्दी आपसूक येते. इकडं पुण्याहून यायचं तर दोनेकशे किलोमीटर मोडतात, म्हणून आलेला पाहुणा आमच्याकडं जावयासारखा सांभाळला जातो. शेतकरी गेटवर तासभर थांबला तरी चालतो.

त्या दिवशी आम्हाला द्राक्षं घालणाऱ्या तात्यांची पिकअप दुपारी दोनला आली. यायची होती सकाळी सातला, पण तोडणीची टोळीच उशिरा उतरली. माल शिराझ, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष.

खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर तासगावचा बागायतदार बेदाणा करतो, निदान वाट तरी असते. शिराझचं तसं नाही. मणी बारका, साल जाड, आत बिया. हातगाडीवर कुणी घेणार नाही, बेदाण्याच्या शेडवरही चालणार नाही. आम्ही नाही म्हटलं की त्या मालाला दुसरं दार नाही. हे आम्हालाही माहीत असतं आणि त्यांनाही.

रसातली साखर आम्ही ब्रिक्समध्ये मोजतो. बावीस ब्रिक्स म्हणजे वाइनमध्ये साधारण बारा टक्के अल्कोहोल. त्याच्या खाली आमच्याकडं बी ग्रेड, दर कमी. मी वरच्या, मधल्या आणि तळाच्या क्रेटमधले घड काढले, मणी पिशवीत चुरले, रसाचे दोन थेंब साखर मोजायच्या दुर्बिणीच्या, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून डोळा लावला. निळ्या-पांढऱ्याची रेघ बरोबर एकवीसवर.

"परवा बागेत बघितलं तवा बावीसच्या वर हुतं, सायेब."

"तात्या, शेवटचं पाणी कधी सोडलं?"

वजनासाठी तोडणीआधी पाणी देणारे असतात, त्यानं गोडी उतरते, म्हणून सवयीनं निघून गेलं तोंडातून. तात्या काही बोलले नाहीत. मी बी ग्रेडची पावती फाडली आणि आत पळालो. टेस्टिंगला पाहुण्यांची तीनची बॅच बसली होती. 'यात गोड कुठली?' हा प्रश्न तीनदा झाला.

बॅच संपल्यावर मॅनेजरनं त्याच मालातले चार क्रेट हौदात ओतले. पाहुण्यांना द्राक्षं तुडवायची होती. पँटी गुडघ्यापर्यंत वर, मोबाइल हातात, आरडाओरडा. तात्या रिकाम्या क्रेटसाठी थांबलेले.

"पायानं व्हय?"

"पाय धुतलेत त्यांनी, तात्या."

"तसं न्हवं ओ," म्हणाले, आणि क्रेट भरायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतला रस थंड करून, वीस अंशांवर हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगून साखर दाखवणारी काचेची नळी, सोडला. बावीस पूर्णांक दोन. नळी पुसून पुन्हा सोडला. तेवढंच. टाकीत तात्यांच्या मालाशिवाय दुसरा मणी नव्हता.

मग डोक्यात उजेड पडला. आमचा रिफ्रॅक्टोमीटर जुना, तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा नाही. तो वीस अंशांसाठी आखलेला असतो. रस त्याहून दहा अंशांनी गरम असला तर पाऊण ब्रिक्सच्या आसपास कमी दाखवतो. तात्यांचा माल उन्हात तापून पस्तीसच्या घरात गेलेला. नमुना दहा मिनिटं थंड पाण्यात धरायचा असतो, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी मला दहा मिनिटं नव्हती.

मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "पावती फाटली ना? पुढच्या वेळी बघू." त्याचं हे 'बघू' मी चार हंगाम ऐकतोय.

दराचा फरक कदाचित निघेलही, मी मालकांच्या कानावर घातलंय. पण त्या पाण्याच्या प्रश्नाचं काय करू? तात्यांना फोन लावला होता. त्यांनी उचलला, "बोला सायेब" म्हणाले, आणि मी पुढच्या तोडणीची तारीख विचारून ठेवून दिला.

येत्या शनिवारी त्यांचा शेवटचा माल आहे. पहाटे पाचलाच येतो म्हणालेत.