कापलेला मँड्रेक

जुन्या कागदांची डागडुजी हा माझा गेल्या १९ वर्षांचा व्यवसाय आहे. माझ्याकडे येतात त्या बहुधा पोथ्या, वतनाची कागदपत्रे आणि कोणाच्या तरी आजोबांच्या हस्ताक्षरातील कीर्तनाच्या वह्या. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर सोलापूरचे एक निवृत्त गृहस्थ पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेले इंद्रजाल कॉमिक्सचे ३१ मराठी अंक टेबलावर मांडले, तेव्हा माझी मदतनीस मुलगी हसू दाबत आत निघून गेली. मला हसू आले नाही. पोथीचा हातकागद दोनशे वर्षे सहज टिकतो. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लाकडातले लिग्निन हे द्रव्य तसेच राहिलेले, वर्षागणिक आम्ल वाढत जाऊन तो पिवळा पडतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. शिवाय मध्ये लोखंडी तारेच्या पिना, त्यांचा गंज आसपासच्या पानांत उतरलेला.

त्यांची आवडती मालिका कोणती, हे मला विचारावे लागले नाही. ३१ पैकी २६ अंक वेताळाचे, म्हणजे जंगलातल्या बुरखाधारी ‘फँटम’चे, होते आणि प्रत्येकाचा उजवा खालचा कोपरा अंगठ्याच्या तेलाने काळवंडलेला होता. उरलेल्यांत तीन बहादूरचे, एक फ्लॅश गॉर्डनचा आणि एक जादूगार मँड्रेकचा. मँड्रेकचे फक्त मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ शिल्लक होते. आतले एकही पान नव्हते.

“हा मधूनच फाटला का, काका?” मी विचारले.

“फाटला नाही, ताई. मीच कापलाय,” ते म्हणाले, आणि कशासाठी ते मात्र त्यांनी त्या वेळी सांगितले नाही.

इंद्रजालची गंमत, किंवा जाच, असा होता की पुढच्या अंकात कोण येणार हे वाचणाऱ्याच्या हातात नसे. १९६४ साली मालिका सुरू झाली तेव्हाचे पहिले अंक वेताळाचे होते, पण पुढे इतर नायकांची पाळी लागू लागली. खाऊचे पैसे साठवून स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर धावत जावे आणि तिथे काळ्या टोपीतला, बारीक मिशीचा मँड्रेक लटकत असावा, हे दुःख काकांनी इतक्या ताज्या रागाने सांगितले की मला हातातले काम थांबवून ऐकावे लागले. त्यांचा आक्षेप मात्र निव्वळ पोरकट नव्हता. “हा नुसता हात पुढे करतो आणि समोरच्याला बंदुकीच्या जागी साप दिसतो. यात कष्ट काय आहेत? वेताळाला जादू येत नाही. त्याला ठोसाच मारावा लागतो, आणि लागलं तर रक्तही येतं.” वेताळ अमर आहे असे जंगल मानते, प्रत्यक्षात मात्र १५३६ पासून बापाची शपथ मुलगा घेत आला आहे आणि आपण वाचतो तो एकविसावा, ही गोष्ट त्यांना नवव्या वर्षी कळली आणि तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या नायकाकडे मान वर करून पाहिले नाही. बहादूरला त्यांनी थोडी सूट दिली होती. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलेला हा नायक चंबळच्या डाकूंशी लढतो आणि भगव्या कुडत्याखाली जीन्स घालतो, हे त्यांना आपल्यातले वाटे. पण तोवर ते कॉलेजात होते.

काम सुरू केल्यावर दुसऱ्या अंकातच मला पहिली पट्टी दिसली. पान जिथे घडीवर फाटले होते तिथे मागून बोटभर रुंदीची छापील कागदाची चिकटपट्टी लावलेली, आणि त्या पट्टीवर वेताळाच्या डेंकालीच्या जंगलात ज्याचे काही काम नाही अशी एक रेशमी उंच टोपी. तिसऱ्या अंकात अर्धी मिशी निघाली. चौथ्यात मँड्रेकचा साथीदार लोथार याचा दंड. मुलाने नावडत्या अंकाच्या पट्ट्या पाडून आवडत्याची ठिगळे केली होती, आणि ती आईच्या कणकेच्या खळीने चिकटवली होती.

आता ही खळ हीच खरी अडचण होती. मीही गव्हाचीच खळ वापरते, पण ती कुरडयांसाठी काढतात तशा निवळलेल्या चिकाची. कणकेत प्रथिन राहते, ते कडक होते, पिवळे पडते आणि ओलाव्याला सहजी दाद देत नाही. त्यावर कसरीने ताव मारलेला, पट्ट्यांच्या कडेने कागदाची जाळी झालेली. शिवाय पट्टी स्वतःच त्याच आम्लयुक्त कागदाची. म्हणून सगळ्या पट्ट्या काढायच्या असे ठरले. आधी ओल्या कापसाने शाई उतरते का ते पाहिले, मग प्रत्येक पट्टीवर मिथाइल सेल्युलोजचा जेल ठेवून, खळ फुगेपर्यंत थांबून, बोथट पातीने ती सुटी केली. त्यात तीन आठवडे गेले. ठिगळांच्या जागी जपानी कोझो कागद लावला. सुट्या पट्ट्या टाकून देणे आमच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून त्या टिपकागदावर वाळवून क्रमाने ठेवल्या.

ज्या दिवसासाठी हे लिहीत आहे तो दिवस त्यानंतरचा. काका अंक न्यायला आले तेव्हा मदतनीस मुलीने फावल्या वेळात त्या ५० च्या वर पट्ट्या पानांप्रमाणे जुळवून मोठ्या पुठ्ठ्यावर मांडून ठेवल्या होत्या. मधे भगदाडे होती, पण गोष्ट लागत होती. काकांनी वेताळाकडे पाहिलेही नाही. चष्मा पुसून ते पुठ्ठ्याशी बसले आणि बोट फिरवत वाचू लागले. “हा मी वाचलाच नव्हता,” ते बऱ्याच वेळाने म्हणाले, “आणल्या दिवशीच कापला.”

मी त्यांना सांगितले की वेताळ आणि मँड्रेक दोन्ही एकाच माणसाने लिहिले आहेत. ली फॉक यांनी मँड्रेक १९३४ मध्ये आणला आणि वेताळ त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी त्यांच्या घरातलीच काही लपवाछपवी उघड केली होती. मग ते म्हणाले, “शेवटचं पान कुठंय?”

ते एका अंकात होते, आणि तिथून मी ते काढले नव्हते. त्या पानाला वाटीएवढे भोक पडले होते आणि मँड्रेकच्या शेवटच्या पानाचा मोठा तुकडा त्यावर पालथा चिकटलेला होता; तो सोडवला असता तर वेताळाचे पान हाती आले नसते. हे मी त्यांना नीट समजावले. त्यांनी मान हलवली, पैसे दिले, अंक ट्रंकेत ठेवले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. “उजेडात धरून दिसेल का?”

मी प्रकाशपेटी लावली आणि पान वर ठेवले. वेताळाच्या घोड्याखालून तुकडा हळूहळू उजळला: मँड्रेकचा पुढे केलेला हात, आणि चौकटीतली उलटी मराठी अक्षरे. काकांनी मुलीकडे आरसा मागितला. तिने पर्समधला छोटा आरसा दिला, आणि दोघे डोकी जवळ आणून एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले.