पट्टी चांगल्या डोळ्यावर

मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत तिला एका डोळ्याने नीट दिसत नाही हे आम्हाला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. देवगडला पवनचक्क्यांजवळ ती भावंडांबरोबर एकेक डोळा झाकून पाती मोजत होती. डावा झाकला आणि म्हणाली, "पाती खंय आसत?" आम्हाला वाटलं, खेळतेय. रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी करून पाहिलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. शाळेत तपासणी झाली होती, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून. डाव्याने सगळं निभावून नेलं होतं.

फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी तीन दिवस घरी ॲट्रोपिनचं मलम घालून पुन्हा बोलावलं. लहान मुलं डोळ्याचा स्नायू ताणून नंबर झाकून टाकतात. तो सैल पडल्याशिवाय खरा नंबर निघत नाही. पुढचे आठ-दहा दिवस डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या. एप्रिलचं ऊन, त्यात वाळूची तिरीप, पोरीला खळ्यातसुद्धा डोळे उघडवेनात.

उजव्याला +४ आणि वर सिलिंड्रिकल २.५ निघाला. म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडे सारखा गोल नाही, चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेला जास्त वाकलेला. किरण एका बिंदूत जुळतच नाहीत. ही काच ठरावीक कोनात बसवलेली असते. चष्मा नाकावर तिरका झाला तर नंबर बरोबर असूनही धूसर दिसतं, म्हणून आम्ही मागे दोरी बांधली.

सासूबाई हळहळल्या, "एवढ्याशा चेडवाक चष्मो? आमच्या घराण्यात कोणाक नाय."

मला खरा धक्का नंतर बसला. चष्मा लावूनही उजव्याने ६/२४च! चांगला डोळा जे अक्षर २४ मीटरवरून वाचतो, ते तिला ६ मीटरवरून. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात बिघाड नाही, पण लहानपणापासून त्याच्याकडून धूसर चित्र येत राहिलं, म्हणून मेंदूने ते घेणंच सोडलं. यालाच आळशी डोळा म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. त्या डोळ्याने काय आळस केला? आणि तिरळेपणा असतोच असंही नाही, हिचे डोळे अगदी सरळ.

चार महिने नुसता चष्मा, ६/१८ झालं. मग रोज दोन तास पट्टी, तीही चांगल्या डोळ्यावर, म्हणजे मेंदूला उजव्याचंच चित्र घ्यावं लागतं. ती थेट कातडीला चिकटवायची. चष्म्यावर लावली की मुलं कडेने बघतात. आमच्या दमट हवेत घामाने कडा सुटायच्या, ओढून काढली की कातडी लाल. पट्टी लावायची वेळ आली की ती माडाच्या मागे लपायची, दोन-तीनदा मीही रडले. नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा जवळचं बारीक काम द्यावं म्हणून तांदूळ निवडायला दिले, ओवळांचे वळेसर, म्हणजे बकुळीच्या फुलांचे गजरे, करायला दिले. वळेसरात ती रमली. सुरुवातीला केळीच्या सोपटाचं, म्हणजे ओवायच्या धाग्याचं, टोक फुलाच्या भोकात जातच नसे, ती फूल गालापर्यंत आणायची.

वर्षाने उजवा ६/९ झाला. पट्टी एकदम सोडली तर काही मुलांचं पुन्हा घसरतं, म्हणून आता रोज अर्धा तास चालू आहे. धाकट्याला अक्षरं येत नाहीत, पण डॉक्टरांकडे चित्रांचा तक्ता आहे. पुढच्या खेपेला त्यालाही घेऊन जाणार.