लग्न मोडणे आणि लग्नच रद्द ठरणे

जवळच्या नात्यातील एका प्रकरणाची कागदपत्रे वाचण्याची वेळ आली, तोवर माझाही समज असा होता की घटस्फोटाला वर्षे लागतात आणि लग्न रद्द करून घेणे ही त्यातली जवळची वाट आहे. तो समज चुकीचा निघाला. घटस्फोटात लग्न वैध होते हे न्यायालय मान्य करते आणि ते पुढच्यासाठी संपवते. लग्न रद्दबातल ठरवताना मात्र सारी तपासणी बहुतेक करून लग्नाच्या दिवसापाशी येऊन थांबते. संमती खरी होती का, पहिला विवाह कायम होता का, महत्त्वाची गोष्ट दडवली होती का, एवढेच तिथे विचारले जाते. नंतरच्या वर्षांतील अबोला आणि भांडणे कितीही खरी असली, तरी ती तिथे उपयोगी पडत नाहीत.

जोडीदाराचे आधीचे लग्न कायम असेल, तर दुसरे लग्न मुळातच शून्य असते. ते लग्न घटस्फोटाने संपलेले असून केवळ लपवलेले असेल, तर प्रश्न फसवणुकीचा होतो आणि न्यायालयाने रद्द करेपर्यंत दुसरे लग्न वैधच राहते. आमच्या प्रकरणात नेमके हेच झाले होते. भारताच्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि सत्य कळल्यानंतरही स्वखुशीने एकत्र राहिल्यास तो अर्ज चालत नाही. ‘मुलांकडे पाहून’ आणखी दोन वर्षे काढण्यात तो मार्ग बंद झाला होता. (विवाह रद्द झाला तर मुले अनौरस ठरतील ही भीतीही निराधार होती, हाच कायदा त्यांना औरस मानतो.) फिलिपिन्समध्ये मुस्लिम नागरिक वगळता बहुतेकांना घटस्फोटाची सोयच नाही, त्यामुळे तिथे लोक विवाह रद्द करण्याकडे वळतात; जिथे दोन्ही मार्ग खुले आहेत, तिथे ‘सोपे कोणते’ हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो.

उरला परस्परसंमतीचा घटस्फोट, आणि त्याआधी मध्यस्थी. मध्यस्थ म्हणजे समजूत घालून संसार पुन्हा जोडणारा वडीलधारा माणूस, अशी घरच्यांची कल्पना होती आणि त्या धास्तीनेच पहिली बैठक टळली. वास्तविक मध्यस्थ निवाडा देत नाही, एकत्र राहण्याचा आग्रह धरणे हेही त्याचे काम नव्हे. दोघांना वेगळे व्हायचे असेल तर कोणत्या अटींवर, हे त्यांच्याच तोंडून ठरवून घेणे हे त्याचे काम. तिथे बोललेले सहसा गोपनीय राहते आणि पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून पोटगीचा खरा आकडा पहिल्यांदा तिथेच उच्चारला गेला. जिथे मारहाण किंवा दहशत आहे, तिथे मात्र समोरासमोर बसवणे घातक ठरू शकते. दबलेल्या माणसाचा होकार ही तडजोड नव्हे, आणि हे मध्यस्थाला सुरुवातीलाच सांगायला हवे.

आमच्या तडजोडीच्या कागदावर घराच्या हप्त्यांबद्दल तीन ओळी होत्या. मुलांच्या सुट्ट्या, आजारपण आणि शाळेतून कोणी आणायचे यांनी पुढची दोन पाने भरली होती, आणि न्यायाधीशांनी सही करण्यापूर्वी सर्वांत जास्त प्रश्न त्या दोन पानांवरच विचारले.